खजूरी बाजारातली शिवलेली स्कोअरबुकं

इंदूरच्या खजूरी बाजारात शाळेच्या पुस्तकांची दुकानं संपत आली की एक बोळ आत जातो. त्या बोळात एका जिन्याखाली माझे बाइंडर बसतात. दुकानाला पाटी नाही, दारही नाही. संध्याकाळी फळ्या लावल्या की दुकान बंद. मी त्यांना चाचा म्हणते, ते मला ताई म्हणतात. २००३ ते २०२४ या काळात क्रिकेटच्या सामन्यांचा स्कोअर लिहायला मी ज्या ज्या वह्या घेऊन गेले, त्या सगळ्या चाचांनी शिवलेल्या. २१ वह्या आहेत, माळ्यावर पत्र्याच्या पेटीत. मागच्या महिन्यात पेटी खाली काढली आणि एकेक वही उघडून बघितली. एकीचाही टाका सुटला नव्हता. तेव्हाच ठरवलं की यांच्याबद्दल नीट लिहायचं.

आधी कामाबद्दल सांगते, नाहीतर वहीचं मोल कळायचं नाही. दसऱ्यापासून रंगपंचमीपर्यंत आमचा मोसम. पावसाळ्यात काम नसायचं. एरवी मी रामबागेत गणिताच्या शिकवण्या घ्यायचे. मोसमात सकाळची तुकडी पहाटे साडेपाचला बसवायची आणि सातला मैदान गाठायचं. चौदा वर्षांखालची मुलं, सोळा वर्षांखालची, एकोणीस वर्षांखालची, मुलींचे सामने, क्लबांचे सामने. कधी इंदूर, कधी देवास, कधी उज्जैन, रतलाम. मानधन थोडं, दुपारचं जेवण आयोजकांचं, आणि बसायला बहुधा चार बांबूंवर ताणलेली कनात.

मी पोहोचायचे त्याच्या आधी माळी कामाला लागलेले असत. गवतावरचं दव झटकायला दोघं जण दोन टोकांना लांब दोर धरून मैदानभर चालायचे. एक जण चुन्याने क्रीजच्या रेघा मारायचा, तीही गुडघ्यांवर बसून, श्वास रोखून. धावफलकाची दोन मुलं पत्र्याचे आकडे जमिनीवर पसरून ठेवायची, नऊ आणि सहा उलटसुलट होऊ नयेत म्हणून नऊच्या खाली खडूने रेघ ओढायची. या मुलांना मी ओरडून धावसंख्या सांगायची आणि ती खिळ्यावर आकडा अडकवायची. मैदानावरचे लोक फळ्याकडे बघतात, फळा आमच्याकडे बघतो. त्यामुळे आमची वही चुकली की सगळं मैदानच चुकतं.

क्रिकेटच्या नियमांत तिसरा नियम स्कोअररांचा आहे. दोन स्कोअरर असावेत, पंचांची प्रत्येक खूण त्यांनी स्वीकारावी आणि लगेच पोच द्यावी, दोघांनी आपापल्या नोंदी वरचेवर ताडून पाहाव्यात. पंचाने गुडघा उचलून त्याला हात लावला की लेग-बाय (बॅटीऐवजी अंगाला लागून निघालेली धाव), उघडा पंजा वर केला की बाय (कशालाच न लागता निघालेली), खांद्याला बोटं टेकवली की एक धाव अपुरी, दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन दोन्ही खांद्यांना लावले की आधीची खूण रद्द. आम्ही हात वर करायचा; तो वर दिसेपर्यंत पंच पुढचा चेंडू टाकू देत नाहीत. हे मला फार आवडायचं. खेळ क्षणभर आमच्यासाठी थांबतो.

मी हे वडिलांकडून शिकले. १९४५-४६ च्या मोसमात रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्यात होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध इथल्याच यशवंत क्लबच्या मैदानावर ८ बाद ९१२ वर डाव घोषित केला. एका डावात सहा जणांची शतकं : भांडारकर, सरवटे, जगदाळे, सी. के. नायडू, भाऊसाहेब निंबाळकर आणि प्रताप सिंग. वडील तेव्हा दहा वर्षांचे होते, आजोबांच्या सायकलवर बसून गेले होते. ती सहा नावं ते आम्हाला पाढ्यासारखी म्हणून दाखवायचे. गणिताच्या चौकटीच्या वहीत चेंडूमागे ठिपका कसा द्यायचा, निर्धाव षटकाचे सहा ठिपके जोडून एम कसा करायचा, त्याच षटकात बळी असेल तर डब्ल्यू कसा, हे त्यांनी मला रेडिओच्या समालोचनावर शिकवलं. १९९८ साली मी पहिल्यांदा मैदानावर बसले ती त्यांच्याच पेनाने.

आता वहीकडे येते. स्कोअरबुकाचं एक पान म्हणजे समोरासमोरची दोन पानं मिळून एक डाव. वर फलंदाजांच्या ओळी, खाली गोलंदाजांच्या. गोलंदाजाची षटकं डावीकडून उजवीकडे चौकोनाचौकोनात जातात आणि मधल्या घडीवरून पलीकडच्या पानावर पोहोचतात. बाजारातल्या छापील वह्या पाठीला गोंद लावून चिकटवलेल्या असतात. त्या पूर्ण उघडत नाहीत. घडीजवळचे दोन चौकोन दरीत पडल्यासारखे आत जातात, तिथे पेन तिरकं करून लिहावं लागतं. शिवाय फेब्रुवारीच्या उन्हात गोंद मऊ पडतो आणि पान सुटतं. आम्हाला सुरुवातीची काही वर्षं अशाच वह्या मिळाल्या, कुणा छापखान्याच्या होत्या ते आठवतही नाही.

फेब्रुवारी २००३. सोळा वर्षांखालच्या मुलांचा एकदिवसीय सामना. पहिल्या संघाच्या २०० धावा. दुसऱ्या संघाच्या मुलाने चेंडू सीमेपार मारला, फळ्यावर २०१ लागले, मुलं हात मिळवत बाहेर आली. आणि माझा हिशेब जुळेना. फलंदाजांच्या धावा १७८, अवांतर २३, बेरीज २०१. ती बरोबर. पण गोलंदाजांच्या खात्यात पडलेल्या धावा १८९ आणि त्यांच्या खात्यात न जाणाऱ्या बाय व लेग-बाय मिळून ११, म्हणजे २००. दोन्ही बाजूंनी एकच आकडा यायला हवा. एका धावेचा फरक, आणि त्या एका धावेवर सामना जिंकला की बरोबरीत सुटला हे ठरणार. शेजारच्या स्कोअररकडे २०१ जुळत होते, पण माझ्या वहीत चूक असताना मी नुसती मान कशी हलवू? दोन्ही संघांचे प्रशिक्षक कनातीपाशी येऊन उभे राहिले. पंचही आले, कारण धावसंख्या बरोबर आहे याची खात्री शेवटी त्यांनाच करायची असते.

वीस मिनिटं गेली. मी प्रत्येक गोलंदाजासाठी वेगळ्या रंगाचं पेन वापरायचे, त्यानेच वाचवलं. फलंदाजाच्या ओळीत हिरवा चौकार, म्हणजे हिरव्या पेनाचा गोलंदाज. त्याची षटकं एकेक करून बघत गेले आणि आठव्या षटकाचा चौकोन नेमका घडीत. दोन्ही अंगठ्यांनी वही फाकवली तेव्हा दिसलं : नो-बॉलचं वर्तुळ, आत चार. नो-बॉलवर चौकार, म्हणजे गोलंदाजाच्या नावावर पाच धावा. मी षटकाच्या बेरजेत चारच धरले होते. २००० सालच्या नियमांपूर्वी नो-बॉलवर धावा निघाल्या तर दंडाची एक वेगळी मिळत नसे. मी त्या जुन्या सवयीत शिकलेली. चूक माझी होती, ते मी तिथेच सांगितलं. पण ते वर्तुळ दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर असतं, दोन षटकांनंतरच्या ताळ्यात नजर त्यावरून गेली असती, तर सोळा वर्षांखालची बावीस मुलं वीस मिनिटं तशी ताटकळत उभी राहिली नसती. जिंकलेल्या मुलांना आपण जिंकलो की नाही हे माहीत नव्हतं. त्यांचे चेहरे मला अजून दिसतात.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन मी खजूरी बाजारात गेले. तीन ठिकाणी सांगितलं, तिघांनी जाडसर कव्हर घालून देतो म्हटलं. चौथे चाचा. त्यांनी काहीच म्हटलं नाही, वही मांडीवर उघडली, तळहाताने मध्ये दाबली, सोडली. वही मिटायला लागली. पुन्हा दाबली. मग बोट घडीत घालून म्हणाले, "ताई, इसमें तो आपका आधा खेल छुप जाता है."

त्यांनी जे केलं ते मी जवळ बसून पाहिलं, म्हणून सांगू शकते. त्यांनी मला दोन पानांचा तक्ता एकाच मोठ्या कागदावर छापून आणायला सांगितला, ए-थ्री मापाचा, लेजर पेपर, १०० जीएसएम. एका डावाला एक कागद. मग प्रत्येक कागद मधोमध दुमडला, हाडाच्या पट्टीने घडी दाबली, आणि घडीच्या मागच्या बाजूला बोटभर रुंदीची कापडाची पट्टी खळीने चिकटवली. खळ घरची, मैद्याची, त्यात कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. अशा ३० कागदांच्या ३० पट्ट्या वाळल्या की टोच्याने भोकं पाडून, मेण लावलेल्या दोऱ्याने त्या पट्ट्याच एकमेकींना शिवल्या. कागदाला सुई लागतच नाही. जुन्या नकाशांच्या पुस्तकांना अशी बांधणी करतात, असं ते म्हणाले. वही कुठेही उघडा, टेबलावर सपाट पडते, आणि आठव्या षटकाचा चौकोन पहिल्या षटकाइतकाच स्वच्छ दिसतो. वर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर लाल कापड, आणि वाऱ्याने पान उडू नये म्हणून बाजूला दोन नाड्या. नाड्या मी मागितल्या नव्हत्या. मैदानावर वारा असतो हे त्यांच्या त्यांनीच लक्षात घेतलं.

पहिल्या वहीचे १४० रुपये झाले. शेवटच्या वहीचे ६५०, कागद आणि छपाई माझी. महाग वाटेल, पण एका वहीत पंधरा एकदिवसीय सामने बसतात आणि ती वही नातवंडांपर्यंत टिकते.

दर मोसमाला तक्त्यात काही ना काही बदल असायचा आणि चाचा तो विचारून घ्यायचे. २०१७ च्या नियमांत नो-बॉलवर निघालेल्या बाय आणि लेग-बाय त्यांच्या त्यांच्या खात्यात लिहायच्या ठरल्या, त्याआधी त्या नो-बॉलमध्येच जायच्या; मी अवांतरच्या रकान्यांची रुंदी बदलली. १ ऑक्टोबर २०२२ पासून झेलबाद झाल्यावर नवा फलंदाजच स्ट्राइकवर येतो, फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलं होतं की नाही याला झेलापुरता अर्थ उरला नाही. मी त्यासाठी ठेवलेला छोटा चौकोन काढून टाकला. चाचा क्रिकेट बघत नाहीत. तरी तो चौकोन गेल्याचं त्यांनी पहिल्या कागदावरच ओळखलं आणि कारण विचारलं. माझ्या घरात कुणी हे विचारलं नव्हतं.

८ डिसेंबर २०११ ला होळकर स्टेडियमवर सेहवागने वेस्ट इंडीजविरुद्ध २१९ केले तेव्हा मी स्कोअररांच्या खोलीत मदतनीस होते, जादाची वही लिहायला. मुख्य काम दुसऱ्यांकडे. १४९ चेंडू, २५ चौकार, ७ षटकार, भारत ५ बाद ४१८. पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक सचिनचं, २४ फेब्रुवारी २०१० ला ग्वाल्हेरला, दुसरं हे. दोन्ही आमच्या मध्य प्रदेशात. (त्याच्याही आधी, १६ डिसेंबर १९९७ ला मुंबईत बेलिंडा क्लार्कने डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ केले होते. हे मी प्रत्येक वर्गात सांगते, कारण मुलांना ते कुणी सांगत नाही.) सेहवागची ओळ भरून गेली. मी खालच्या ओळीत शिरले, मग समासात. शाई कुठेही फुटली नाही, पलीकडे उमटली नाही, हात ओला असूनही. पुढच्या वहीपासून पहिल्या पाच फलंदाजांना दुहेरी ओळ ठेवली. चाचांना कारण सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, किती मारलं त्याने, की कागद कमी पडला.

लॅपटॉप आल्यापासून चेंडूमागे चेंडू थेट पडद्यावर जातो. मी तेही शिकले आणि मला ते आवडतं. तरी बॅटरी संपली, नेट गेलं, सॉफ्टवेअर अडकलं की सगळे वहीकडे वळायचे, आणि असे दिवस कमी नव्हते. पण वही मला तेवढ्यासाठीच नको असायची. २६ जून २०२२ ला बंगळूरला मध्य प्रदेशने मुंबईला सहा गडी राखून हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. चंद्रकांत पंडित कर्णधार असताना १९९८-९९ ला याच मैदानावर आपण अंतिम सामना हरलो होतो, आणि या वेळी तेच प्रशिक्षक होते. मी टीव्हीसमोर रडले. रात्री पेटी काढून जुन्या वह्या चाळल्या. एका चौदा वर्षांखालच्या सामन्यात एका मुलाच्या नावापुढे दोन ठिपके आणि शून्य. त्या मुलाला पुढे मी राज्याच्या मोठ्या संघाच्या कपड्यांत पाहिलं होतं. ते पान मी बराच वेळ उघडं ठेवलं, आणि ते उघडं राहिलं, हाताने धरावं लागलं नाही.

आता तक्रारी. चाचा वेळ पाळत नाहीत. शाळा उघडायच्या सुमारास त्यांच्याकडे वह्यांचा ढीग असतो, आणि दिवाळीच्या आधी व्यापाऱ्यांच्या वहीपूजनाच्या चोपड्या. आमचा मोसम नेमका तेव्हाच सुरू होतो. दोनदा मला वही पहिल्या सामन्याच्या आदल्या रात्री मिळाली, एकदा खळ ओली असताना. त्या ओल्या वहीचा पुठ्ठा वाकला तो वाकलाच. दुसरं, लाल कापडाचा रंग जातो. देवासला अवकाळी पाऊस आला तेव्हा वही मांडीवर झाकून बसले होते, पांढऱ्या सलवारीवर आलेले डाग निघाले नाहीत. मी सांगितल्यावर त्यांनी निळं कापड वापरायला सुरुवात केली, त्याचा जात नाही; पण विचारलं नाही तर ते अजूनही लालच लावतात. तिसरं, पुठ्ठ्याचे कोपरे वर्षभरात झिजतात. पत्र्याचे कोपरे लावून द्या म्हटलं तर नको म्हणतात, दुसऱ्या वह्यांना घासतात म्हणून. त्यांचं बरोबर असेल, मला मात्र ते हवे होते.

फोनवर काम घेत नाहीत. कागद बघितल्याशिवाय भाव सांगत नाहीत. पैसे आता नातवाच्या मोबाइलवर घेतात, रोखही चालतात.

गेल्या वर्षी महिलांच्या विश्वचषकाचे सामने होळकर स्टेडियमवर झाले. १९ ऑक्टोबर २०२५ ला, दिवाळीच्या तोंडावर, भारत विरुद्ध इंग्लंड. मी आता स्कोअरिंग सोडलंय, गुडघे बसू देत नाहीत. भाची स्कोअररच्या परीक्षेची तयारी करते आहे, म्हणून घरी टीव्हीसमोर दोघी बसलो, तिच्यासाठी बांधून घेतलेल्या बाविसाव्या वहीवर. इंग्लंड ८ बाद २८८. आपण ६ बाद २८४. चार धावांनी हरलो. शेवटच्या षटकात तिचा हात थरथरत होता, तरी प्रत्येक चेंडूनंतर आधी ठिपका किंवा आकडा, मग पडद्याकडे बघणं. सामना संपल्यावर ती न बोलता बेरीज करायला बसली. फलंदाजांकडून २८४. गोलंदाजांकडून २८४. मला दाखवायला तिने वही माझ्याकडे वळवली, मध्ये न दाबता.

जाणाऱ्यांसाठी : गणपती बसायच्या आत काम द्या, म्हणजे दसऱ्याला वही हातात येईल. तक्ता एकाच ए-थ्री कागदावर छापून न्या, घडीची रेघ छापू नका, ती चाचा स्वतः मोजून घेतात. कापड निळं सांगा. आणि तुम्ही जी पेनं वापरता ती सगळी सोबत न्या. ते एका कोपऱ्यावर प्रत्येकाने रेघ ओढतात, कागद उजेडात धरून मागून बघतात, आणि जे पेन आवडलं नाही ते परत तुमच्या हातात ठेवतात.